रेडिओ तिकडे, आपण इकडे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार सर, मी फ्लॅटमध्ये राहतो आणि ४० मीटरच्या हॅम बँडवर (हौशी रेडिओवाल्यांचा ७ मेगाहर्ट्झचा पट्टा) कधीही बघा एस-७ चा नॉईज (सिग्नल मीटरचा काटा सातवर) असतो. बाल्कनीतून वायर सोडून झाली, लूप अँटेना पण लावून बघितला, थोडाफार फरक पडतो बस. मामांचं घर वस्तीपासून बरंच लांब आहे, तिथे इंटरनेट आहे. तिथे रिसीव्हर ठेवून इकडून ऐकता येईल का आणि कुठला एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) घेऊ?

उत्तर : येईल की, मस्त येईल! पण कुठला एसडीआर हे सगळ्यात शेवटी ठरवा. आधी मामांकडे खरंच शांतता आहे का ते बघा, कारण वस्तीपासून लांब म्हणजे रेडिओच्या कानालाही शांत असं काही नसतं. बॅटरीवर चालणारा, शॉर्टवेव्ह असलेला कुठलाही छोटा रेडिओ घेऊन जा, ७ मेगाहर्ट्झच्या आसपास रिकाम्या जागी लावा आणि घराभोवती, अंगणात, कुंपणाकडेने हळूहळू फिरा. मग घराचा मेन स्विच दोन मिनिटं बंद करून परत ऐका (मामींना आधी विचारून!). हे दुपारी एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा असं दोनदा करायचं, कारण छतावर सोलर असेल तर त्याचा इन्व्हर्टर दिवसा ओरडतो आणि रात्री गप्प बसतो, एलईडी दिवे आणि टीव्हीचे अडॅप्टर नेमके उलटे. कुंपणाला झटका देणारं मशीन असेल तर साधारण सेकंदाला एक टक्‌ असा आवाज येतो, तो लगेच ओळखू येतो.

हे सगळं कशासाठी, तर सिग्नल मीटरवरचं एक एस युनिट म्हणजे ६ डीबी (डेसिबल). तुमच्याकडचा एस-७ तिकडे एस-२ झाला तर ३० डीबीचा फरक पडला, म्हणजे समोरच्या स्टेशनने पॉवर हजारपट केल्यासारखं झालं. कुठलाही महागडा रिसीव्हर हे करून देणार नाही.

जागा पास झाली की मग अँटेना, आणि ती घरापासून जमेल तितकी लांब. ऐकण्यासाठी फार मोठं काही लागत नाही, वीसेक मीटर वायर, तिच्या टोकाला ९:१ चा ट्रान्सफॉर्मर (वायर आणि केबलचा मेळ घालणारा), तिथेच एक स्वतंत्र अर्थ रॉड (जमिनीत ठोकलेली सळई) आणि घरापर्यंत जाळीची केबल म्हणजे को-अ‍ॅक्स. टीव्हीची ७५ ओहमची को-अ‍ॅक्स पण रिसीव्हिंगला चालते, तिच्यावरून उगाच वाद घालत बसू नका. को-अ‍ॅक्स घरात शिरते तिथे फेराइट रिंगवर (नॉईज अडवणारं कडं) दहाबारा वेढे घ्या, एचएफसाठी (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ३१ नंबरचं मटेरियल चांगलं, नाहीतर घरातला नॉईज को-अ‍ॅक्सच्या बाहेरच्या जाळीवरून सरळ अँटेनापर्यंत जातो आणि मग सगळी मेहनत पाण्यात. वीज कडाडायला लागली की मामांनी कनेक्टर काढायचा हे त्यांना आधीच शिकवून ठेवा, विजेपासून वाचवणारा अरेस्टर लावला असला तरी.

आता एसडीआर. एचएफ ऐकायचं, कमी कटकट हवी, तर किवीएसडीआर. १० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ सगळं एकदम घेतो, १४ बिटचा आहे (जितके बिट जास्त तितकं सिग्नलचं मोजमाप बारीक), ब्राउझरमध्ये उघडतो आणि चार जण वेगवेगळ्या बँडवर वॉटरफॉलसकट (सिग्नल दाखवणारं सरकतं चित्र) ऐकू शकतात. खरेदीच्या आधी दुसऱ्यांचे रिसीव्हर ऐकून बघा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (ब्राउझरमधून कोणालाही ऐकता येणारा रिसीव्हर) २००८ मध्ये सुरू झाला, अँटेना म्हणाल तर इमारतीच्या गच्चीवर एक छोटासा मिनी-व्हिप, आणि एकाच वेळी शेकडो लोक तो ऐकत असतात. उंच आणि मोकळी जागा काय करते ते तिथे कळेल.

प्रश्न : माझ्याकडे आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) आणि रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) पडून आहेत. दुसऱ्या घरी ठेवून आरटीएल-टीसीपी (डोंगलचा डेटा नेटवर्कवरून पाठवणारा प्रोग्रॅम) चालू केलं, घरातल्या वायफायवर चांगलं चालतं पण बाहेरून आवाज सारखा तुटतो. डोंगल खराब आहे का?

उत्तर : डोंगलचा काही दोष नाही, तुम्ही नळीतून नदी पाठवताय. आरटीएल-टीसीपी कच्चा डेटा पाठवतं. सेकंदाला २४ लाख सॅम्पल (सिग्नलची मोजमापं), प्रत्येकाचे दोन बाईट, झाले ३८ मेगाबिटच्या वर, तेही अपलोडला आणि सलग. कनेक्शनवर लिहिलेला मोठा आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो हे विसरू नका. सॅम्पल रेट कमी करून थोडं भागतं, पण सरळ उपाय म्हणजे डीमॉड्युलेशन (सिग्नलमधून आवाज काढणं) तिकडेच करा आणि इकडे फक्त आवाज आणि वॉटरफॉल आणा. रास्पबेरी पायवर ओपनवेबआरएक्स हे सॉफ्टवेअर टाका, ते हेच करतं. आवाजाला किती लागतं याचा अंदाज घ्या, १२,००० सॅम्पल गुणिले ४ बिट म्हणजे ४८ किलोबिट. साध्या मोबाईल डेटावरही चालेल.

एक मात्र आहे, हे डोंगल ८ बिटचं. जवळपास मीडियम वेव्हचं तगडं ट्रान्समीटर असेल तर ते एचएफवर भुतं दाखवतं, म्हणजे नसलेल्या जागी स्टेशनं. मीडियम वेव्ह अडवणारा फिल्टर लावा. आणि व्ही-३ डोंगल डायरेक्ट सॅम्पलिंगवर (आतला ट्यूनर टाळून) वापरत असाल तर १४.४ मेगाहर्ट्झला आरसा असतो, त्याच्या वरचं उलटून खाली दिसतं, त्यामुळे २० मीटरचा बँड (१४ ते १४.३५ मेगाहर्ट्झ) ऐकताना १४.४५ ते १४.८ मधलं काहीही तुमच्या बँडवर येऊन बसतं. व्ही-४ मध्ये अपकन्व्हर्टर (एचएफला वरच्या फ्रिक्वेन्सीवर सरकवणारा भाग) आहे, तिथे हा त्रास नाही.

प्रश्न : रिसीव्हर बाहेरून ऐकता यावा म्हणून राउटरमध्ये त्याचा पोर्ट ८०७३ फॉरवर्ड केला (बाहेरून आत यायचं दार उघडलं), घरातून उघडतं, बाहेरून काही केल्या उघडत नाही.

उत्तर : राउटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, एकच पब्लिक आयपी बऱ्याच ग्राहकांत वाटलेला, मग तुम्ही कितीही पोर्ट उघडा, पुढचं दार तुमच्या हातातच नाही. फक्त तुम्हालाच ऐकायचं असेल तर दोन्हीकडे टेलस्केल (दोन जागा खाजगी बोगद्याने जोडणारा प्रोग्रॅम) टाका, बाहेरून एकही पोर्ट उघडावा लागत नाही. तसाच दुसरा वायरगार्ड आवडत असेल तर पब्लिक आयपी असलेला छोटा सर्व्हर मध्ये लागेल. किवीवाल्यांची स्वतःची प्रॉक्सी सोय (त्यांच्या सर्व्हरमार्फत जोडणारी) आहे, ती बघा. आणि कुठलाही मार्ग घ्या, अ‍ॅडमिन पासवर्ड पहिल्या दिवशी बदला.

प्रश्न : सेटअप चालू झाला पण दर काही दिवसांनी हँग होतो आणि कोणीतरी जाऊन स्विच बंद-चालू करावा लागतो. शिवाय डोंगलपाशीच नॉईज वाढलाय असं वाटतं.

उत्तर : वाटतंय नाही, वाढलेलाच असणार. पायचा अडॅप्टर, राउटर, लॅन केबल हे सगळे छोटे ट्रान्समीटरच आहेत. अडॅप्टरच्या जागी लिनियर पॉवर सप्लाय (साध्या ट्रान्सफॉर्मरचा, नॉईज न करणारा) लावून बघा, लॅन केबलला दोन्ही टोकांना फेराइट लावा, डोंगल पायला थेट न खोचता छोट्या यूएसबी केबलने लांब ठेवा. वायफाय बंद करून केबल वापरा किंवा उलट, ज्यात वॉटरफॉल काळा दिसेल ते खरं.

हँगचं म्हणाल तर पायमध्ये हार्डवेअर वॉचडॉग असतो, तो चालू करा, सिस्टीम अडकली की तो स्वतःच रीस्टार्ट करतो. लॉग एसडी कार्डवर न लिहिता रॅममध्ये ठेवा, कार्डं सततच्या लिहिण्याने मरतात. लोक स्मार्ट प्लग लावतात, चांगलंय, पण राउटरच झोपला तर त्या प्लगपर्यंत पोचणार कसं? म्हणून राउटरला साधा टायमर लावा, रोज पहाटे मिनिटभर बंद. फुकटची कटकट वाचते.

प्रश्न : लायसन्स लागतं का? आणि माझ्या घरून ट्रान्समिट करून तिकडच्या रिसीव्हरवर ऐकलं तर कॉन्टेस्टमध्ये (जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायची स्पर्धा) चालेल?

उत्तर : नुसतं ऐकण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, जिथे रिसीव्हर ठेवताय तिथले वाचा, आणि हॅम बँडच्या बाहेरचं ऐकायचं असेल तर दोनदा वाचा. बहुतेक कॉन्टेस्टमध्ये नाही चालणार. सीक्यू वर्ल्डवाइड या कॉन्टेस्टचंच बघा, नेहमीच्या गटांत ट्रान्समीटर आणि रिसीव्हर सगळे ५०० मीटर व्यासाच्या वर्तुळात किंवा स्टेशनच्या आवारातच हवेत. एरवी गप्पांना हरकत नाही, फक्त इंटरनेटमुळे आवाज उशिरा येतो, तेव्हा ट्रान्समिट करताना तिकडचा आवाज म्यूट ठेवा नाहीतर स्वतःचंच बोलणं कानात येऊन जीभ अडखळते. आणि एफटी-८ (कॉम्प्युटरने वाचायचे छोटे डिजिटल संदेश) ऐकून पीएसके रिपोर्टर या वेबसाइटला कोण ऐकू आलं त्याचा रिपोर्ट पाठवणार असाल तर लोकेटर (जागेचा कोड) रिसीव्हरच्या जागेचा टाका, तुमच्या फ्लॅटचा नको, नकाशावर बघणारा माणूस आपला सिग्नल नेमका कुठे पोचला तेच शोधत असतो.