कांदळवनातले युद्ध : नौदल कमांडो होऊ पाहणाऱ्या एका तरुणास पत्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नौदलात भरती झाल्यावर पुढे मार्कोससाठी, म्हणजे आपल्या नौदलाच्या कमांडो दलासाठी, नाव द्यायचे तू ठरवले आहेस, पहाटे धावतोस, खाडीत पोहतोस आणि अमेरिकी नौदलाच्या सील कमांडोंनी व्हिएतनामच्या जंगलात युद्ध कसे केले याविषयी हाती लागेल ते वाचतोस, हे वाचून बरे वाटले. त्या युद्धातून आपल्यासारख्याने काय घ्यावे, असे तू विचारले आहेस. मी कमांडो नव्हतो. माझी नोकरी जहाजांवर गेली आणि या विषयाचा अभ्यास मी निवृत्तीनंतर केला, तेव्हा हे वाचलेल्या आणि ताडून पाहिलेल्या गोष्टींचे मत आहे, असे समजून वाच. मत असे की, त्या माणसांच्या धैर्याविषयी शंका घ्यायला जागा नाही. पण त्यांच्या मोहिमांचे बरेवाईट बहुतेक वेळा ठरले ते त्यांच्या हाती आलेल्या माहितीवर, आणि ती खोटी किंवा अर्धवट निघाल्यावर अंधारात उभ्या असलेल्या सहा-सात जणांनी काय केले यावर. तुझ्या चार पानी पत्रात जोर-बैठकांचा हिशेब आहे, बंदुकांची नावे आहेत, माहितीविषयी मात्र एक ओळही नाही. म्हणून तेवढ्याच विषयावर लिहितो.

आधी जागा समजून घे. सीलची पहिली दोन पथके १ जानेवारी १९६२ रोजी उभी राहिली, एक कॅलिफोर्नियातील कोरोनाडोला आणि दुसरे व्हर्जिनियातील लिटल क्रीकला. त्यांतली बहुतेक माणसे पाण्याखालून किनाऱ्यावरचे अडथळे उडवणाऱ्या जुन्या पाणबुड्या पथकांतून आलेली होती. १९६६ साली त्यांच्या तुकड्या लढण्यासाठी व्हिएतनामात उतरल्या तेव्हा त्यांना मिळाला तो रुंग साटचा मुलूख, म्हणजे दक्षिण व्हिएतनामची तेव्हाची राजधानी सायगाव आणि समुद्र यांच्यामध्ये पसरलेले, हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचे कांदळवन. उंच झाडांचे घनदाट रान नव्हे. तिवरांची मुळे, मांडीइतका चिखल आणि शेकडो फाटे फुटलेल्या खाड्या. तू कोकणातला आहेस, तिवरांत खेकडे धरायला गेला असशील, तेव्हा त्या चिखलातून शंभर पावले चालणे म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. या वनातून लाँग ताऊ नदीचा जलमार्ग जातो आणि सायगावला जाणारी मोठी जहाजे त्याच मार्गाने जात. ऑगस्ट १९६६ मध्ये ‘बॅटन रूज व्हिक्टरी’ या मालवाहू जहाजाखाली तिथे शत्रूचा, म्हणजे सायगावच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या व्हिएतकाँग गनिमांचा, पाणसुरुंग फुटला आणि जहाजावरचे सात जण गेले. हा मार्ग खुला ठेवणे हे नौदलाचे काम होते, आणि म्हणून त्या जंगलात नौदलाचे कमांडो होते. त्याच महिन्यात, त्याच वनात, या युद्धात समोरासमोर लढताना सीलचा पहिला माणूस मारला गेला.

आता त्यांची एक रात्र कशी जाई ते पाहा. चौदा जणांच्या तुकडीचे दोन भाग करीत. सात जण संध्याकाळी नावेत बसत. नाव खाडीच्या काठाला तीन-चार ठिकाणी नाक लावी आणि त्यांपैकी एकाच ठिकाणी माणसे उतरत, म्हणजे काठावरून ऐकणाऱ्याला नक्की जागा कळू नये. इंजिनाचा आवाज बदलू न देता नाव पुढे निघून जाई. मग हे सात जण चिखलातून ठरलेल्या वळणापर्यंत सरकत आणि तिथे दबा धरून बसत. पुढे पहाटेपर्यंत फक्त बसायचे. बोलायचे नाही, खोकायचे नाही, डास मारायचा नाही. एकमेकांना खूण करायची ती हातात धरलेल्या दोरीला हिसका देऊन. तिथले पाणी भरती-ओहोटीत आठ-दहा फुटांनी चढते-उतरते. बसताना घोट्याशी असलेले पाणी मध्यरात्री छातीला लागे, आणि ओहोटीची वेळ चुकली तर न्यायला येणारी नाव गाळात रुतून बसे. कित्येक रात्री कोणीच येत नसे. ज्या रात्री होडी येई, त्या रात्रीचे सारे काम बहुधा काही क्षणांत आटोपे आणि मग तिथून पळ काढण्याची घाई असे. रंगवलेले चेहरे, जीन्सच्या विजारी, हलक्या स्टोनर मशीनगन यांची छायाचित्रे तू पाहिली आहेस. पाण्यात न हलता काढलेल्या त्या तासांचे छायाचित्र कोणी काढलेले नाही, पण नोकरीचा मोठा भाग तोच होता.

तुला आणखी एक गोष्ट लक्षात आणून देतो, कारण कमांडो होण्याच्या ओढीत ती हमखास सुटते. त्या सात जणांना परत आणणारी नावेवरची माणसे आणि बोलावल्यावर काही मिनिटांत डोक्यावर येणारी नौदलाची ‘सीवुल्फ’ हेलिकॉप्टरे नसती, तर त्यांतले किती तरी परत आले नसते. ते हेलिकॉप्टर पथक एप्रिल १९६७ मध्ये उभे राहिले आणि भूदलाकडून आलेल्या जुन्या यंत्रांवर उडत राहिले. निवड चाचणीत तुझे नाव आले नाही आणि तुला नाव चालवण्याचे काम मिळाले, तर ते दुय्यम मानू नकोस.

आता माहितीकडे येतो. सुरुवातीला सील तुकड्या नकाशावरची एखादी खाडी निवडून बसत आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परतत. पुढे त्यांनी शहाणपणाचा मार्ग धरला. पकडलेल्या माणसाची चौकशी, सापडलेली कागदपत्रे आणि शत्रूची बाजू सोडून आलेले स्थानिक वाटाडे, या तिन्हींतून नेमके ठिकाण कळले की त्या ठिकाणीच जायचे. त्यामुळे जिवंत कैदी हा मृत शत्रूपेक्षा अधिक मोलाचा ठरला. शिकारीचे व्यसन लागलेल्या माणसाला हे पचत नाही. चांगल्या कमांडोला पचते. मात्र याच मार्गाची दुसरी बाजू वाईट होती. गावागावांतली गुप्त संघटना मोडण्यासाठी चालवलेल्या ‘फिनिक्स’ मोहिमेत नावांच्या याद्या तयार होत, आणि सीलचे काही जण त्या मोहिमेतील स्थानिक पथकांना सल्लागार म्हणून दिलेले होते. यादीत नाव घालणारा खबऱ्या नेहमी खरेच बोलतो असे थोडेच आहे? जमिनीचा वाद, जुने वैर, उधारी, कोणाचे तरी ठरलेले लग्न मोडणे, अशा कारणांसाठी माणसे शेजाऱ्याचे नाव देत. आपल्याकडे निनावी अर्ज करणारी माणसे पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की तिथे त्या अर्जाची चौकशी करायला रात्री दोन वाजता बंदूकधारी येत.

आणि एक गोष्ट अशी, जी कॅलिफोर्नियातून आलेल्या मुलाला सुचणे कठीण होते, पण तुला सुचायला हवी. रात्री पाण्यावर कोणी फिरायचे नाही असा हुकूम होता, म्हणून अंधार पडल्यावर दिसलेली होडी शत्रूची, असा हिशेब केला जाई. आता तूच सांग, मासे मारणारा माणूस सरकारी वेळ बघून बाहेर पडतो की पाणी बघून? भरती पहाटे तीनला असेल तर जाळे त्याच वेळी लागते, हुकूम असो वा नसो. ज्याच्या घरी खायला नाही तो जोखीम पत्करून निघतो. त्या होडीत तांदूळ आणि दारूगोळा नेणारी माणसेही असत हे खरे, आणि काठावर बसलेल्याला निर्णयाला श्वासभराचा वेळ मिळे हेही खरे. पण त्या रात्री मासेमारीची भरती आहे की नाही, एवढे ज्याला आधीच ठाऊक असेल, त्याचे बोट चापावर निराळ्या रीतीने टेकते.

हे सर्व कुठवर जाऊ शकते, याचे उदाहरण थान फाँगचे आहे. २५ फेब्रुवारी १९६९ च्या रात्री बॉब केरी या पंचविशीतल्या अधिकाऱ्याची सात जणांची तुकडी मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातील या गावात शिरली. शत्रूची बैठक तिथे भरणार असल्याची खबर होती. सकाळपर्यंत गावातली नि:शस्त्र माणसे, त्यांत बायका आणि मुले, मरून पडली होती. लष्करी अहवालात मात्र एकवीस शत्रू ठार असे लिहिले गेले आणि केरी यांना त्या कामगिरीबद्दल पदक मिळाले. तीन आठवड्यांच्या आत, न्हा त्रांगच्या उपसागरातील एका बेटावर, हातबॉम्बने पाय निकामी झाला असतानाही त्यांनी तुकडीचे नेतृत्व सोडले नाही, आणि त्यासाठी त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मेडल ऑफ ऑनर, मिळाला. पुढे ते नेब्रास्काचे राज्यपाल झाले, मग सिनेटर. थान फाँगची हकीकत जगापुढे आली ती २००१ साली. अंधारातून गोळीबार आला, आम्ही उत्तर दिले आणि नंतर प्रेते पाहिली, असे केरी यांनी सांगितले. त्यांच्याच तुकडीतल्या एका सहकाऱ्याने सांगितले की माणसांना एकत्र करून मारले. मी न्यायाधीश होत नाही. तू मात्र ते दोन्ही प्रसंग एकाच माणसाच्या तीन आठवड्यांतले म्हणून शेजारी ठेवून वाच, आणि अहवालातला तो एकवीसचा आकडा पुन्हा पुन्हा पाहा. चुकीची खबर घेऊन गेलेल्या माणसाला परत आल्यावर खरे लिहिण्याची सोयच त्या यंत्रणेने ठेवली नव्हती, कारण वरचे सगळे हिशेब मृतांच्या संख्येवर चालत होते.

आता मला सर्वांत आवडणारी मोहीम सांगतो, आणि तिच्यात शत्रूचा एकही माणूस मारणे हे उद्दिष्ट नव्हते. एप्रिल १९७२ मध्ये उत्तरेकडच्या क्वांग त्री भागात एका अमेरिकी विमानातला नॅव्हिगेटर, लेफ्टनंट कर्नल हॅम्बल्टन, विमान पाडले गेल्यावर उत्तर व्हिएतनामच्या फौजेच्या मधोमध हवाई छत्रीने उतरला. त्याला उचलून आणण्याच्या प्रयत्नांत कित्येक विमाने आणि हेलिकॉप्टरे गेली, माणसे गेली. अखेर सीलचा लेफ्टनंट थॉमस नॉरिस आणि दक्षिण व्हिएतनामी नौदलाचा कमांडो न्युएन व्हान कियेत हे दोघे कोळ्यांचा वेष करून लहान होडीतून नदीने वर गेले आणि त्याला घेऊन आले. नॉरिसला मेडल ऑफ ऑनर मिळाले, कियेतला नेव्ही क्रॉस. या युद्धात तो सन्मान मिळालेला दक्षिण व्हिएतनामी नौदलाचा तो एकटाच माणूस. कियेत सोबत नसता तर ती होडी कोळ्याची वाटलीच नसती: वल्हे कसे धरावे, काठावरच्या पहारेकऱ्याचे बोलणे कशाविषयी आहे, हे त्याला कळत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस नॉरिसच्या डोक्यात गोळी लागली, तेव्हा मायकल थॉर्नटन या सहकाऱ्याने त्याला उचलून समुद्रात नेले आणि मदत येईपर्यंत तासन्‌तास तरंगत ठेवले. तुझ्या खाडीतल्या पोहण्याचा उपयोग तिथे आहे, तो मी नाकारत नाही.

जाता जाता त्या वनाचेही सांगतो. शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून अमेरिकेने रुंग साटवर विषारी द्रव्ये फवारली आणि कांदळवनाचा मोठा भाग मारून टाकला. फवारणीला पाठिंबा देणारे अ‍ॅडमिरल झुमवाल्ट यांचा मुलगा त्याच युद्धात गस्ती नावेवर अधिकारी होता आणि १९८८ मध्ये कर्करोगाने गेला. कारण ते रसायनच, अशी पितापुत्रांची खात्री होती. व्हिएतनामने १९७८ पासून तिथे पुन्हा रोपे लावली. काँ जो या नावाने ते वन आज युनेस्कोच्या यादीत आहे.

आपल्याकडे मार्कोसची स्थापना १९८७ साली झाली आणि त्याच वर्षी हे नवे दल श्रीलंकेत उतरले. जाफनाच्या खाजणात लेफ्टनंट अरविंद सिंह यांच्या नेतृत्वाखाली कमांडो रात्री पोहत गेले आणि गुरुनगरचा धक्का व तिथल्या वेगवान नावा उडवून आले. अरविंद सिंह यांना महावीर चक्र मिळाले. पुढे या दलाने काश्मीरमध्ये वुलर सरोवरावर वर्षानुवर्षे पहारा दिला. जाफन्यात तमिळ, वुलरवर काश्मिरी, आणि दोन्हीकडे मासे धरून पोट भरणारी माणसे. तुला कोणत्या पाण्यावर पाठवतील हे आज सांगता येत नाही, म्हणून आपल्या गावच्या पाण्यापासून सुरुवात कर. धावणे चालू राहू दे, पण आठवड्यातली एक रात्र कोळीवाड्यातल्या एखाद्या जाणत्या तांडेलाबरोबर होडीत काढ. कोण कोणत्या भरतीला निघते, उधाणाला कोणती खाडी लागते आणि भांगाला, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत, कोणती बंद पडते, कंदील कोण लावतो आणि कोण लावत नाही, हे पाहा आणि घरी आल्यावर वहीत लिही. पाहिलेले एका रकान्यात, ऐकलेले दुसऱ्यात आणि तुझा तर्क तिसऱ्यात. तिन्हींची सरमिसळ होऊ देऊ नकोस. एखाद्याने कोणाविषयी काही सांगितले तर सांगणाऱ्याचे त्याच्याशी काय नाते आहे, हेही शेजारी टीप. मराठीखेरीज एक भाषा धर, तमिळ धरलीस तर उत्तम. प्रथमोपचाराचा वर्ग तालुक्याला असेल तर तो चुकवू नकोस.

चिल्क्याला प्रशिक्षणासाठी जाण्याआधी दोन-तीन महिन्यांची वही भरली असेल तर ती मला पाठव. तिसरा रकाना मी आधी वाचीन.

तुझा,
एक निवृत्त नौसैनिक