थंडीत हर्मिट क्रॅब हलवताना

भावा, घर बदलताना हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे जमिनीवरचे खेकडे, न्यायचेत ना? कोल्हापुरात राजारामपुरी ते कळंबा अंतर किरकोळ. पण पहाटेच्या गारठ्यात त्यांची टाकी टेम्पोत मागं टाकू नकोस. ऊन चढल्यावर निघ. हे खेकडे कल्ल्यांनी श्वास घेतात, हवा कोरडी झाली की गुदमरतात. झाकणाच्या डब्यात ओलसर वाळू, एकदोन रिकामे शंख, आणि डबा मांडीवर. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी, डब्याला चिकटवून नको.

वाळूत गाडून घेऊन कात टाकणाऱ्याला उकरायचा नाद करू नको. तो वर येईस्तोवर टाकी जुन्याच घरी राहू दे. घरमालक कुरकुरेल, कुरकुरू दे. नाइलाजच असेल तर भोवतालच्या वाळूसकट अलगद उचल.

नवी टाकी आधी २४ ते २८ अंश आणि ७५-८० टक्के आर्द्रतेवर आण, मगच सोड. पाणी क्लोरीन काढलेलंच दे.