दिघा की दवाखाना?

प्रश्न: बाई, सलाम. ऐरोलीतल्या आमच्या मंडळीच्या तरुण संघाला सेवाकार्य सुरू करायचंय. एका वडीलबंधूंना प्रार्थनेत दिघ्याची वस्ती दिसली. तिथे मुलांचा अभ्यासवर्ग घ्या म्हणतात. एका भगिनीला उपासात असं वाटलं, की ठाण्यातल्या मोठ्या दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना जेवण न्यावं. काहींनी खूण मागितलीय: रविवारपर्यंत हॉल फुकट मिळाला तर दिघा. शिवाय कॅनडाचे नागरिक झालेले एक नातलग डॉलर पाठवायला तयार आहेत. हे उघडलेलं दार समजायचं का? पाळकसाहेब म्हणतात, अजून प्रार्थना करा.
– संघाचा चिटणीस

उत्तर: चिटणीसभाऊ, सलाम. दोघांना दिसलं ते खोटं, असं मी म्हणणार नाही. पण दर्शनानंतर काय करायचं ते बायबलात प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये वाचा. प्रेषित पौलाला आसियात देवाचं वचन सांगायला पवित्र आत्म्याने मना केलं, बिथुनियात जाऊ दिलं नाही, आणि त्रोवसात रात्री मासेदोनियाचा एक माणूस विनवणी करताना दिसला. दर्शन एकट्या पौलाला झालं. निघायचं मात्र सोबत्यांनी मिळून ठरवलं. आणि मासेदोनियातल्या फिलिप्पैत भेटलं कोण? शब्बाथाला वेशीबाहेर नदीकाठी जमलेल्या बाया, त्यांत जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया. पौल तिथेच बसून बोलू लागला. 'मला तर पुरुष दिसला होता' म्हणून अडून बसला नाही. तुमच्या संघात मला या अडून बसण्याचीच भीती वाटते.

खुणेचं म्हणाल तर बायबलातल्या गिदोनाने देवाकडे खूण मागायला लोकर पसरली ती लढायची आज्ञा मिळाल्यावर, धीर होत नव्हता म्हणून. दोन कामांतलं एक निवडायला नव्हे. आणि हॉलचं म्हणाल तर ऐन लग्नसराईत मागून बघा, देवाची इच्छा कायम 'नाही' अशीच निघेल!

पाळकसाहेबांना नहेम्याचे पहिले दोन अध्याय दाखवा, रागावणार नाहीत. यरुशलेमेचा पडलेला तट बांधायचा म्हणून त्याने चारएक महिने प्रार्थना केली खरी, पण ज्याच्या चाकरीत होता त्या राजाने विचारलं तेव्हा किती मुदत, सुभेदारांना कोणती पत्रं, लाकूड कशाकशाला, सगळं त्याच्या तोंडावर होतं. यरुशलेमेत पोचल्यावर कुणाला न सांगता, थोडी माणसं घेऊन तो रात्री तट बघून आला.

तुम्हीही बघून या. दिघा गाव स्टेशन 2024 पासून सुरू आहे, ठाण्याकडे जाताना तुमच्या पुढचंच. दोघं-तिघं जा, त्यांत भगिनी हव्यातच. पत्रकं, बॅनर काही नको. तिथल्या बायांना विचारा, आधीच कुणी वर्ग घेतंय का, मुलं संध्याकाळी मोकळी असतात का, पाणी कधी येतं. पाणी सहाला येत असेल, तर तुमचा सहाचा वर्ग हंड्यांच्या रांगेत उभा दिसेल.

दवाखान्याचं मला जास्त ठाऊक. वॉर्डात सिस्टर म्हणून माझं आयुष्य गेलं. दुपारी खिचडी वाटणारे पुष्कळ येत. नातेवाइकाची अडचण वेगळीच असे. रक्त आणायला जायचं, एक्स-रेच्या रांगेत उभं राहायचं, तर पेशंटजवळ कोण? शहापूर-मुरबाडहून आलेल्या एकट्या आईला कुठल्या खिडकीवर जायचं तेही कळत नसे. तासभर तिच्या जागी बसणारी बाई तिला जेवणापेक्षा जास्त हवी असते. भगिनीला हे सांगा. आधी मेट्रनची परवानगी घ्या. प्रार्थना पेशंटने मागितली तरच, तीही हळू आवाजात. डबा आणि प्रार्थना यांची सांगड अजिबात नको, कारण खाटेवरच्या माणसाला 'नको' म्हणणं जड जातं.

डॉलरचं दार बंद समजा. परदेशी नागरिकाकडून संस्थेने पैसे घ्यायचे तर परकीय योगदान नियमन कायदा 2010 खाली केंद्राच्या गृहखात्याकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, मग तो सख्खा मामा का असेना. कुणाच्या खासगी खात्यावर मागवायचा विचारही करू नका. वह्या-खडूंपुरतं तुमच्या दानपेटीत निघेल.

आता वडीलबंधूंना दवाखान्यात पाठवा आणि भगिनीला दिघ्यात. मग सभा घ्या. तिथे कुणी 'मला प्रभूने सांगितलं' म्हणालं तर इतिवृत्तात तसं लिहा, आणि शेजारी कोण, कुठल्या वारी, किती वाजता जाणार तेही लिहा. ज्या कामाचा हा रकाना रिकामा राहील, ते यंदा राहू द्या.