गावच्या वाचनालयाचे पैसे नक्की येतात कुठून?

प्रश्न : आमचं वाचनालय इतर ‘ड’ वर्गात, म्हणजे जिल्हा-तालुक्याची सोडून इतर वाचनालयांच्या सगळ्यात खालच्या वर्गात आहे. मी ग्रंथपाल, म्हणजे झाडण्यापासून दप्तर लिहिण्यापर्यंत सगळं मीच. गावात बोलतात की सरकारकडून लाखो येतात आणि समिती खाते. काय सांगू लोकांना?
— एक ग्रंथपाल, लातूर जिल्हा

उत्तर : दादा, सरळ आकडाच सांगा, फळ्यावर लिहून ठेवा. ‘ड’ वर्गाला सरकारी अनुदान वर्षाला 30 हजार होतं, 2022 च्या शेवटी 60 टक्के वाढ झाली तेव्हा 48 हजार झाले. त्यातले निम्मे पगाराला धरले तर 24 हजार, म्हणजे महिन्याला 2 हजार रुपये, यात ग्रंथपाल रोज वाचनालय उघडतो हेच नवल आहे. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, पेपर, दिवाळी अंक, लाइट बिल, भाडं असेल तर भाडं, आणि हे पैसेही हप्त्याने येतात, ते येईपर्यंत पेपरवाल्याची उधारी.

आता असं का, तर आपल्याकडे महाराष्ट्रात 1967 चा ग्रंथालय कायदा आहे पण त्यात ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयासाठीचा छोटा जादा कर, नाही. तामिळनाडूत (तेव्हाच्या मद्रासमध्ये) 1948 पासून, कर्नाटकात 1965 च्या कायद्याने आणि केरळात 1989 च्या कायद्याने घरपट्टीसारख्या स्थानिक करावर थोडी टक्केवारी ग्रंथालयासाठी घेतात, गोव्यात तर दारू-बिअरवरच्या अधिभारातून पैसा काढायची सोय केली (पिणारे वाचणाऱ्यांना पोसतात, चांगलंय की). आपल्याकडे संस्था चालवणार गावातली मंडळी, आणि सरकार अ, ब, क, ड बघून ठरलेलं अनुदान देणार. तुमच्याकडे वाचक दुप्पट झाले म्हणून त्या वर्षी एक रुपया जास्त येत नाही. वरचा वर्ग मिळवा म्हणावं तर 2012 साली सरकारने वाचनालयांची पडताळणी केली, त्यानंतर नवी मान्यता आणि दर्जावाढ दोन्ही वर्षानुवर्षं अडकून पडल्या. पडताळणी करायलाच हवी होती, कागदावरची वाचनालयं होतीच, नाही कोण म्हणतं, पण जे नीट चालवत होते त्यांनाही त्यात भरडलं.

उपकर आला की सगळं सुरळीत होईल असंही नाही हां. बंगळुरूत महापालिकेने गोळा केलेला उपकर ग्रंथालय खात्याला वेळेत दिला नाही म्हणून थकबाकीचा वाद कितीतरी वर्षं चालू आहे. तरी मला उपकर हवा वाटतो, कारण घरपट्टीच्या पावतीवर ‘ग्रंथालय’ असा रकाना दिसला की माणूस विचारतो, आमच्या पैशाची पुस्तकं कुठायत. आज कोणी तसं विचारत नाही, फक्त समिती खाते म्हणतात.

प्रश्न : वाचनालयात फक्त स्पर्धा परीक्षेची पोरं येऊन बसतात, स्वतःचीच पुस्तकं वाचतात, आमच्या कपाटाला हात लावत नाहीत. यांना बसू द्यावं का?
— समिती सदस्य, सांगली जिल्हा

उत्तर : बसू द्या हो! घरात जागा नाही, शांतता नाही, म्हणून येतात ना. पण कपाटाला हात का लावत नाहीत हे एकदा कपाट उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी मार्चएन्डला खर्च दाखवायचा म्हणून विक्रेत्याकडून भरमसाठ सवलतीत गठ्ठा उचलतात, त्यात कुठल्या कुठल्या न खपलेल्या कादंबऱ्या आणि तेच ते थोरांचे चरित्र पाच प्रकाशकांचं. शासनमान्य पुस्तकांची यादी चाळा, पण त्याआधी देवघेव रजिस्टर चाळा, गेल्या वर्षात कुठली पुस्तकं चार वेळा तरी बाहेर गेली ते बघा, बायका काय नेतात, शेतकरी काय मागून रिकाम्या हाताने गेले ते वहीत लिहून ठेवा, आणि पुढची खरेदी त्या वहीवरून करा. पोरांनाही विचारा, चालू घडामोडींची मासिकं, नवीन आवृत्तीची संदर्भ पुस्तकं हवी असतात त्यांना, 2014 ची गाइडं नकोत. फाटकी जीर्ण पुस्तकं समितीचा ठराव करून रीतसर बाद करा, आकडा मोठा दिसावा म्हणून वाळवी सांभाळू नका.

कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान (1972 पासूनचं) आहे, त्यांच्या योजनांतून पुस्तकं, कपाटं, इमारतीला मदत मिळते. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जाऊन चौकशी करा, घरी बसून परिपत्रकाची वाट बघू नका.

प्रश्न : आजोबांची पुस्तकं गावच्या वाचनालयाला द्यायची आहेत, टेम्पो भरून पाठवू का?
— ठाण्याहून एक वाचक

उत्तर : आधी यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि ग्रंथपालांना निवडू द्या. उरलेली नाही घेतली तर रुसू नका. आणि टेम्पोचं भाडं वाचलं तर तेवढ्यात एका चांगल्या बालमासिकाची वर्गणी भरता येईल, बघा जमतंय का.