अंदाजपत्रकाला कात्री लागल्यावर स्थानिक संस्थेनं आधी कुठली जमीन वाचवावी?

तुमचा प्रश्न असा आहे की तुमच्या स्थानिक संस्थेच्या अंदाजपत्रकात यंदा मोठी कपात होणार आहे, मोकळ्या जमिनी राखण्याचा निधी त्यात पहिला जाईल अशी लक्षणं आहेत, तर उरलेले थोडे पैसे कुठे घालावेत. अशाच एका संस्थेच्या सल्लागार समितीवर मी सहा वर्षं होतो. त्यातली दोन वर्षं कपातीची होती. त्या अनुभवावरून सांगतो, नवीन खरेदीचा विषय थोडा बाजूला ठेवा आणि आधी हातात आहे ती जमीन मोजून घ्या.

कपातीच्या पहिल्या वर्षी आमच्याकडे खरेदीला पैसेच नव्हते. म्हणून आम्ही तिघंजण जुना नकाशा घेऊन ओढ्याकाठच्या एका सार्वजनिक पट्ट्याची हद्द पायी फिरलो. नकाशावर अकरा दगड होते, जागेवर सात सापडले. सातवा राडारोड्याच्या ढिगाखाली होता. फावड्यानं उकरलं तेव्हा त्याचं डोकं दिसलं, चुन्याचा पांढरा पट्टा अजून पुसला गेला नव्हता. ढिगाशेजारी डंपरच्या चाकांचे ताजे ठसे होते. पलीकडचं कुंपण दहा-बारा पावलं आत सरकलेलं. कागदावर ही जमीन संरक्षित होती! तिच्या देखभालीची तरतूद आम्हीच लागोपाठ चार वर्षं काढून घेतली होती, एका देखण्या टेकडीच्या खरेदीसाठी पैसे साठावेत म्हणून. त्या ठरावाला माझाही हात वर होता, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. टेकडीवर तसंही कोणी बांधणार नव्हतं, इतका तिथला चढ उभा आहे. ओढ्याकाठचा पट्टा मात्र रस्त्याला लागून, सपाट, भराव टाकायला सोयीचा.

ही चूक फक्त आमची नाही. जगभरातली संरक्षित क्षेत्रं पाहिली तर ती उंचावर, तीव्र उतारावर, रस्त्यांपासून लांब जास्त सापडतात. म्हणजे जिथे धोका कमी तिथेच संरक्षण जास्त. पैसा असतो तेव्हा हे खपून जातं. तंगीत प्रत्येक तुकड्याबद्दल दोनच प्रश्न विचारा: आपण काहीच केलं नाही तर पाच वर्षांत ही जमीन जाईल का? आणि गेली तर तिचं काम कशानं भरून काढावं लागेल? पूर मुरवणारी, पिण्याच्या पाण्याच्या उगमाशी असलेली, दोन राखीव जागांना जोडणारी जमीन या कसोटीवर वर येते. निसर्गरम्य पण सुरक्षित जमीन खाली जाते. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांना हे पटवणं जड जातं, पण पटवायला हवं.

बिनपैशाचे उपायही असतात आणि ते तंगीतच सुचतात. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराचं उदाहरण मला फार आवडतं. तिथल्या मतदारांनी 1959 मध्ये शहराच्या सनदेत एक रेषा घालून घेतली: 5,750 फुटांच्या वर शहर नळाचं पाणी पुरवणार नाही. एक एकरही विकत न घेता डोंगरउतारावरची बांधकामं त्यामुळे रोखली गेली. जमीन विकत घेण्यासाठी खास विक्रीकर त्यांनी नंतर, 1967 मध्ये लावून घेतला. क्रम लक्षात घ्या, आधी नियम आणि मग पैसा. पाणी, रस्ते, सांडपाण्याच्या वाहिन्या कुठवर न्यायच्या हे जर तुमच्या संस्थेच्या हातात असेल, तर अर्धं संवर्धन तिथेच ठरतं. वाहिनी टाकून ठेवायची आणि मग त्याच भागात जमीन वाचवायला निधी मागायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पैसे खर्च करावेच लागले तर पूर्ण खरेदीच्या आधी हक्कांचा विचार करा. मालकी मालकाकडेच, शेती किंवा चराई चालू, फक्त बांधण्याचा किंवा भराव टाकण्याचा हक्क संस्थेनं घ्यायचा. मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स नदीच्या पुरासाठी धरण-बंधारे बांधण्याऐवजी वरच्या अंगाच्या सुमारे 8,100 एकर पाणथळ जागा राखल्या गेल्या, 1977 ते 1983 या काळात. त्यातली निम्म्याहून जास्त जमीन विकत घेतलेलीच नाही, तिथे फक्त पुराचं पाणी साचू देण्याचा हक्क घेतला आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा. करार झाला की दर वर्षी जागेवर जाऊन पाहणारा माणूस लागतो. त्याचा पगार धरला नसेल तर तो करार म्हणजे नुसता कागद. दान मिळणाऱ्या जमिनीचंही तसंच, देखभालीची सोय नसेल तर नम्रपणे थांबा म्हणा.

अर्थसमितीपुढे जाताना झाडं-पक्ष्यांपासून सुरुवात करू नका. माझ्या मनात तेच पहिलं येतं, पण तिथे खर्चाची भाषा चालते. न्यूयॉर्कचं सांगा. शहराचं बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर पाणलोटांतून येतं. तिथे अब्जावधी डॉलरचं गाळणी केंद्र बांधण्याऐवजी 1997 च्या करारानं पाणलोटच राखायचं ठरलं, आणि जमीन घ्यायची ती विकायला राजी असलेल्यांकडूनच. मग तुमच्याकडचा हिशेब मांडा: हा पट्टा बुजला तर पुढच्या नाल्याचं रुंदीकरण, पंप, नुकसानभरपाई. आकडा मोघम चालत नाही, आपल्याच अभियंत्याकडून लेखी घ्या. मंदीत अनेकदा जमिनीचे भावही उतरतात, तेव्हा सगळ्यात निकडीच्या एका तुकड्यासाठी निदान विसार देण्याइतकी रक्कम राखून ठेवा.

आमच्या ओढ्याकाठच्या पट्ट्याची सरकारी मोजणी झाली, अकरा दगड पुन्हा बसले, भराव उचलला गेला. खर्च टेकडीच्या विसाराएवढाही आला नाही. सरकलेल्या कुंपणाचा दावा मात्र अजून चालू आहे, त्यामुळे मोजणीचा अर्ज तुम्ही या आठवड्यातच करा.