आजीच्या इरकलीची वाकळ करायचीय, कात्री लावू का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी तासगावची. आमची आजी गेल्या वर्षी गेली, तिच्या दोन नऊवारी इरकली माझ्याकडे आल्यात. धाकट्या बहिणीला बाळ होणार आहे, बारशाला वाकळ शिवून द्यायचीय आणि आजीच्या जुन्या पोस्टकार्डावरचं 'अनेक उत्तम आशीर्वाद' तिच्याच अक्षरात मशीनवर भरून घ्यायचंय. एम्ब्रॉयडरीवाला म्हणतो साडीवरच डायरेक्ट करून देतो. आई म्हणते साडीला कात्री लावायची नाही. काय करू?

उत्तर : कात्री लावा, पण डायरेक्ट साडीवर भरतकाम अजिबात नको. जुनं सुती कापड विरलेलं असतं आणि मशीनची सुई एकाच जागी इतकी दाट भोकं पाडते की पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखं ते तिथूनच फाटतं. अक्षरं नव्या सुती कापडाच्या तुकड्यावर भरून घ्या, मागून फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावायला सांगा, मग तो तुकडा हाताने वाकळीच्या वरच्या थरावर शिवा. हे काम सगळे थर एकत्र शिवायच्या आधी, म्हणजे भरतकामाची मागची खरखरीत बाजू आत झाकली जाते, बाळाच्या अंगाला लागत नाही.

अक्षराबद्दल जरा जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. बऱ्याच मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाईप केलं की जोडाक्षरं फुटतात, 'उत्तम'मधला त्त सुटतो, 'आशीर्वाद'मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. तुम्हाला तर आजीचंच अक्षर हवंय, त्यामुळे टाईप करूच देऊ नका. पोस्टकार्ड उजेडात सपाट ठेवून स्कॅन करा नाहीतर सरळ वरून फोटो काढा, त्यावरून डिझाईन करायला सांगा, आणि आधी चिंधीवर सॅम्पल काढून घ्या. अक्षराची उंची निदान पाऊण इंच ठेवा, त्याहून बारीक केलं तर वेलांटी आणि मात्रा दोऱ्यात गुदमरतात. आजीचं अक्षर तिरकं असेल, शिरोरेघ मध्येच तुटत असेल तर तशीच राहू दे, एम्ब्रॉयडरीवाला ती सरळ करून देतो म्हणेल, त्याला नाही म्हणा.

आता साडी. उजेडासमोर धरून बघा, जिथून आरपार दिसतं तो भाग आतल्या थराला, धड भाग वर. इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी असतो, वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेला पदर घडीवरच चिरतो, म्हणून तो वाकळीत घालूच नका. आईंनाही हेच सांगा, की पदर अख्खा तुमच्याकडे ठेवा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, बाळाच्या वाकळीला वर-खाली मिळून दोन-सव्वादोन मीटर पुरतं, म्हणजे दुसऱ्या साडीला हातही लावायला नको. आणि खरं तर आपल्याकडे लुगडं विरलं की त्याची वाकळच व्हायची, आजीलाही हे काही परकं वाटलं नसतं.

लाल काठ असेल तर आधी पांढरी चिंधी ओली करून काठावर दाबून घासा. लाल उतरला तर तो काठ वापरू नका, मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो म्हणतात त्यावर बिलकुल विसंबू नका. आत मांजरपाट घालणार असाल तर तो आधी भिजवून, वाळवून घ्या, कोरा मांजरपाट आकसतो आणि मग सगळी वाकळ चुरगळते. थर अंथरले की मोठ्या कच्च्या टाक्यांनी धरून घ्या, मगच सुती दोऱ्याने हातशिलाई. टिकल्या, आरसे, बटणं काही नको, जरीचा दोराही नको, तो टोचतो.

आणि एक, पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळाच्या अंगावर वाकळ पांघरू नका. जागं असताना खाली अंथरा, त्यावर खेळू दे, मळली की धुवा. जपून ठेवायची म्हणून कपाटात टाकायला सांगू नका बहिणीला.

प्रश्न : मी कराडचा. मुलाच्या शाळेतल्या कबड्डीच्या जुन्या टी-शर्टांचं पांघरूण करतोय, घरच्या मशीनवर नाव भरलं की भोवती कापड गोळा होतं. दोऱ्याचं टेन्शन सैल करून पाहिलं, फरक नाही.

उत्तर : दादा, टेन्शनपेक्षा कापड ताणतंय हे कारण असणार. टी-शर्टचं कापड स्वेटरसारखं विणलेलं, ते रिंगमध्ये ओढून बसवलं की रिंग काढल्यावर मागे येतं आणि टाके तिथेच राहतात, म्हणून चुण्या. तुकडे कापायच्या आधीच मागून इस्त्रीने फ्यूजिंग चिकटवा, छापील नंबरवर मात्र डायरेक्ट इस्त्री फिरवू नका. रिंगमध्ये कापड सपाट हवं, ओढलेलं नको. सुई बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची घ्या, साधी सुई कापडाचा धागा तोडते आणि भोक पडतं. नावाचं डिझाईनही थोडं विरळ करा, तरी चुण्या राहिल्या तर फ्यूजिंगचा अजून एक थर लावून चिंधीवर पुन्हा करून बघा.