फळ्यापुढं थिजणाऱ्या पोराबद्दल

प्रिय पोरी,

तुझा रात्रीचा मेसेज दोनदा वाचला. आठवीतला तो पोरगा वहीत अपूर्णांक सोडवतो आणि फळ्यापुढं उभा केला की पाढेसुद्धा विसरतो, त्याला डोकंच कमी असेल का म्हणून विचारलंस. नाही गं. हातचा, पुढची पायरी, हे सगळं आपण डोक्यात ज्या इवल्याशा जागेत धरून ठेवतो ना, ती जागाच भीती खाऊन टाकते, 'चुकलो तर हसतील' हेच तिथं फिरत राहतं, मग छेद समान कुठनं करणार बिचारा.

मी सातवीत असताना माझं एक चुकलेलं स्पेलिंग सरांनी अख्ख्या वर्गाला वाचून दाखवलं होतं, त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत इंग्रजीच्या तासाला मी हात वर केला नाही.

म्हणून आधी त्याला फळ्यावर बोलवणं थांबव. सगळ्यांनाच पाट्या दे, चुकलं की पुसलं, कुणाला पत्ता नाही. गणितं जरा सोपी दे, पण अगदी पहिलीतली नकोत, तेही पोरांना कळतं आणि लागतं. आपल्या तालमीत वस्ताद जोड बघूनच कुस्ती लावतो ना, तसं. आणि त्यानं ३/४ अधिक २/३ बरोबर ५/७ लिहिलं तर लगेच खोडू नकोस. पाऊण भाकरी आणि वर अर्धीपेक्षा जास्त भाकरी, मिळून एका भाकरीपेक्षा कमी कशी झाली रे, एवढंच विचार आणि गप्प बस. ते गप्प बसणं लई अवघड असतं, मला जमायला कित्येक वर्षं गेली.

अजून एक, हा पोरगा गावाकडनं एसटीनं येतो म्हणालीस, मग क्लासला येताना खाऊन येतो का ते विचारलंस का कधी? शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं हे आपण सगळे सांगतो, पण वसतिगृहं त्यांनी १९०१ पासूनच काढायला घेतली होती, कारण खेड्यातल्या पोराला शहरात राहायचं कुठं आणि जेवायचं काय हीच मोठी अडचण होती, ते त्यांना दिसलं होतं. भीती समजून आपण उपाय करत बसतो आणि पोरगं नुसतं उपाशी असतं, असं माझ्या वर्गात झालंय.

रविवारी सकाळी रंकाळ्यावर ये, त्याची जुनी वही घेऊन. खोडलेली पानं फाडू देऊ नकोस त्याला, मला तीच बघायचीत.

तुझा,
सर